सर्व्हर चालू, कारभार खोळंबलेला

सरकारी कचेरीत खेपा घालणाऱ्या माणसाला पूर्वी 'साहेब दौऱ्यावर गेले आहेत' असे उत्तर मिळत असे. आता 'सर्व्हर डाउन आहे' असे उत्तर मिळते. दोन्ही उत्तरे वरवर सारखीच निराशाजनक. परंतु त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. दौऱ्यावर गेलेले साहेब केव्हा परतणार हे निदान शिपायाला ठाऊक असे, आणि ते खरोखरच दौऱ्यावर आहेत की घरी बसले आहेत, हेही दोन दिवसांत गावाला कळत असे. सर्व्हर कोठे आहे, तो खरोखरच बंद आहे काय, असल्यास केव्हा सुरू होईल आणि बंद पडल्याची जबाबदारी कोणाची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला मिळत नाही. खिडकीच्या आत बसलेल्यालाही ते ठाऊक नसते. कारभाराचा फार मोठा भाग संगणकांच्या हवाली केल्यानंतर ते संगणक किती वेळ चालू असतात आणि चालू असताना किती लोकांची कामे पुरी करतात, याचा हिशेब मागण्याची सवय मात्र आपल्या समाजाला अद्याप लागलेली नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याचेच उदाहरण घ्यावे. हे तालुक्याचे गाव नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर आणि दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर वसलेले आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड किंवा एटापल्लीच्या मानाने ते दळणवळणाच्या दृष्टीने भाग्यवानच म्हणावयाचे. तरीही टेमुर्डा, शेगाव, माढेळी या बाजूंनी येणाऱ्या कापूस-सोयाबीनच्या शेतकऱ्याला सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला अशा कोणत्याही कामासाठी तालुक्याला यावयाचे म्हणजे एका दिवसाचे काम बुडते आणि गाडीभाडे पडते ते निराळेच. सकाळी निघून दुपारपर्यंत रांगेत उभे राहावयाचे आणि सायंकाळी 'उद्या या' हे ऐकून परतावयाचे, ही खेप कोणत्याही सरकारी खात्याच्या वहीत खर्ची पडत नाही. ती त्या शेतकऱ्याच्याच खिशातून जाते. खरिपाची पेरणी, निंदणी आणि विम्याची मुदत ही तिन्ही एकाच हंगामात येतात, हे लक्षात घेतले म्हणजे अशा एका खेपेची किंमत काय असते ते ध्यानात येते.

ही केवळ एका तालुक्याची रड नाही. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला. मुदत ३१ जुलैची होती. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ चालत नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला आणि मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पुढच्याच वर्षी १५ जुलैची मुदत ३१ जुलैपर्यंत पुढे न्यावी लागली. २०२४ च्याच पावसाळ्यात शिधावाटप दुकानांतील ई-पॉस यंत्रांचा सर्व्हर मंदावला आणि धान्य जुन्या पद्धतीने, कागदावर नोंद करून देण्यास परवानगी द्यावी लागली. त्याआधी २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लसीची नोंदणी दुपारी चार वाजता उघडली तेव्हा पहिल्याच मिनिटांत संकेतस्थळ कोलमडले. त्या दिवशी नंतर एक कोटीहून अधिक नोंदी झाल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. मुदतवाढ देणे योग्यच होते. पण मुदतवाढ म्हणजे यंत्रणेने स्वतःच्या अपयशाची दिलेली अप्रत्यक्ष कबुली होय, आणि अशी कबुली देताना त्या अपयशाचे मोजमाप मात्र जनतेपुढे ठेवले जात नाही.

टक्केवारीची किमया

संगणकशास्त्रात सर्व्हर किती वेळ चालू राहिला याचे प्रमाण टक्क्यांत सांगण्याची पद्धत आहे. ९९ टक्के वेळ चालू, असे सांगितले की ऐकणाऱ्याला ते पहिल्या श्रेणीतले यश वाटते. वस्तुतः वर्षाचे तास ८,७६०. त्यांचा एक टक्का म्हणजे सुमारे ८७ तास. हे ८७ तास रात्री-अपरात्री वर्षभर विखुरलेले असतील तर कोणाचे फारसे बिघडणार नाही. पण कचेरीचा दिवस आठ तासांचा धरला तर ८७ तास म्हणजे जवळजवळ अकरा पूर्ण दिवस. जुलैच्या अखेरचे सलग अकरा दिवस कचेरीच्या वेळात संकेतस्थळ बंद राहिले आणि उरलेले सारे वर्ष ते निर्दोष चालले, तरी वर्षाअखेर कंत्राटदाराच्या अहवालात ९९ टक्के हा आकडा अभिमानाने छापता येईल. शिवाय देखभालीसाठी आधी जाहीर करून ठेवलेला बंद काळ हिशेबातून वगळण्याची सोयही अनेक करारांत असते. आकडा खोटा नसतो. तो ज्याच्या सोयीचा असतो त्याच्या बाजूने मोजलेला असतो, एवढेच.

सरासरीचेही तसेच आहे. शंभर माणसांपैकी पंचाण्णवांना एका सेकंदात उत्तर मिळाले आणि पाचांना एक मिनिट थांबावे लागले, तर सरासरी चार सेकंदांहूनही कमी भरते. अहवाल वाचणाऱ्याला हे समाधानकारक वाटते. परंतु ती पाच माणसे कोण होती? बहुधा क्षीण जाळ्यावरून, जुन्या यंत्रावरून, दूरच्या गावातून काम करणारी. ज्याची गैरसोय सर्वांत अधिक तोच सरासरीत सर्वांआधी नाहीसा होतो. म्हणूनच जाणते तंत्रज्ञ सरासरीवर विसंबून राहत नाहीत. रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या पाच किंवा एक टक्का लोकांना किती वेळ लागला, हे ते निराळे मोजतात.

आत किती, बाहेर किती

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे संगणकाच्या परिभाषेत ज्याला 'सेशन' म्हणतात आणि मराठीत सत्र म्हणता येईल, ती. इंटरनेटवर पाने मागण्याची जी मूळ पद्धत आहे तिला स्मरणशक्ती नाही. एक पान मागितले, ते दिले, संबंध संपला. दुसरे पान मागणारा तोच माणूस आहे की दुसरा, हे त्या पद्धतीला मुळीच कळत नाही. म्हणून माणूस प्रथम आत आला की सर्व्हर त्याच्या नावे एक खूणक्रमांक तयार करतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर तो क्रमांक परत मागतो. काम संपले, अथवा काही काळ हालचाल झाली नाही, की तो क्रमांक रद्द होतो. ही मुदत प्रचलित प्रणालींत मुळात वीस किंवा तीस मिनिटांची ठेवलेली असते. अर्ज भरता भरता आधार क्रमांक शोधावा लागला, बँकेचे पुस्तक घरी राहिले म्हणून कोणाला दूरध्वनी करावा लागला, की सत्र संपते आणि भरलेला सारा मजकूर नाहीसा होतो.

वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या वरोऱ्याच्या माणसाला ही कल्पना समजावून सांगण्याचे कारण नाही. या गावी एकोणिसाव्या शतकात सरकारनेच कोळशाची खाण चालवली होती. ती १९०६ मध्ये बंद पडली. भूमिगत खाणीत उतरणारा कामगार आपल्या क्रमांकाचे टोकन घेऊन उतरतो आणि वर आल्यावर ते परत करतो. पाळी संपली आणि एक टोकन परत आले नाही, तर एक माणूस अजून खाली आहे असा त्याचा अर्थ होतो आणि त्याचा शोध घेतल्यावाचून कोणी घरी जात नाही. १९५२ च्या खाण अधिनियमाने तर कोणत्याही क्षणी भूगर्भात कोणकोण आहे हे नावानिशी दिसेल अशी नोंदवही ठेवण्याची अट घातली होती. खाणीचा पंखा फिरतो आहे, पाळणा वरखाली होतो आहे, एवढ्यावर 'खाण सुरक्षित' असे कोणी म्हणत नाही. जेवढे उतरले तेवढे वर आले काय, हाच तेथे अखेरचा हिशेब असतो.

संगणकीय कारभारात मात्र नेमका हाच हिशेब मागे पडतो. सर्व्हरला ठराविक वेळाने हाक मारली जाते आणि त्याने 'ओ' दिली की तो चालू असल्याची नोंद होते. परंतु मुखपृष्ठ दाखवणारा सर्व्हर आणि अर्ज स्वीकारणारा सर्व्हर यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. माहितीसाठ्याशी जोडणाऱ्या वाटा भरून गेल्या असतील तर मुखपृष्ठ डौलाने उघडते आणि 'सादर करा' हे बटण दाबल्यावर चक्र फिरत राहते. एकाच संकेतस्थळामागे दहा यंत्रे उभी असतात. त्यांतील एक बंद करून पुन्हा सुरू केले की त्या यंत्राच्या स्मरणात असलेली सारी सत्रे पुसली जातात, आणि उरलेली नऊ यंत्रे उत्तर देत असल्यामुळे अहवालात एका सेकंदाचाही खंड दिसत नाही. ज्यांचे अर्ज अर्ध्यावर पुसले गेले त्यांच्या दृष्टीने तो सर्व्हर बंदच होता. म्हणून किती सत्रे सुरू झाली, किती पूर्णत्वास गेली आणि उरलेली कोणत्या पायरीवर तुटली, हे मोजल्यावाचून 'चालू' या शब्दाला काहीही अर्थ उरत नाही.

शेवटच्या दिवसाचे गणित

शेवटच्या दिवशीच सर्व्हर का कोसळतो, याचे उत्तर 'लोक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात' असे देण्याची अधिकाऱ्यांना सवय आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ते अर्धेच आहे. रांगांच्या शास्त्रात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. दर मिनिटाला जितकी माणसे येतात आणि प्रत्येकजण जितकी मिनिटे आत राहतो, त्यांचा गुणाकार म्हणजे एका वेळी आत असलेल्या माणसांची सरासरी संख्या. मिनिटाला ६०० माणसे येत असतील आणि प्रत्येकाचे काम दहा मिनिटांत होत असेल, तर आत ६,००० माणसे असतात. माणसे तेवढीच आली, पण मंदावलेल्या यंत्रणेमुळे प्रत्येकाला तीस मिनिटे लागू लागली, की आतली संख्या १८,००० होते. गर्दी बाहेरून वाढलेलीच नसते. यंत्रणेच्या मंदपणाने ती आत साठत जाते, साठल्यामुळे यंत्रणा आणखी मंदावते, आणि वैतागलेला माणूस तेच बटण पुन्हा पुन्हा दाबून त्यात भर घालतो. हे दुष्टचक्र सुरू होण्याची चिन्हे कोसळण्याच्या बऱ्याच आधी दिसू लागतात. चालू सत्रांची संख्या आणि प्रत्येक सत्राला लागणारा वेळ यांवर ज्याची नजर आहे त्याला ती दिसतात. केवळ 'ओ' येते की नाही एवढेच पाहणाऱ्याला दिसत नाहीत.

त्यातून आजची कोणतीही सरकारी सेवा एका सर्व्हरवर चालत नाही. अर्जाचे संकेतस्थळ, आधारची पडताळणी, भ्रमणध्वनीवर येणारा सांकेतिक क्रमांक आणि बँकेचा व्यवहार अशा चार कड्या तरी एकीत एक गुंतलेल्या असतात. यांतील प्रत्येक कडी ९९ टक्के वेळ चालू आहे आणि त्या स्वतंत्रपणे बंद पडतात असे मानले, तर चारही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण सुमारे ९६ टक्के भरते. म्हणजे वर्षातले चौदा दिवस ही सेवा मिळणार नाही. प्रत्येक खाते आपापल्या कडीचा ९९ टक्क्यांचा दाखला पुढे करील आणि प्रत्येकाचा दाखला खराही असेल. चौदा दिवस कोणाच्या खाती टाकावयाचे, हा प्रश्न मात्र तसाच राहील. अखंड साखळीची जबाबदारी एकाच कोणावर तरी असल्याखेरीज हा प्रश्न सुटावयाचा नाही.

मोजल्याने काय होते याचा एक धडा अमेरिकेने घालून दिला आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथील सरकारने आरोग्यविम्याच्या नोंदणीचे संकेतस्थळ उघडले. पहिल्या दिवसात लक्षावधी लोकांनी त्याला भेट दिली. प्रत्यक्ष नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या सहा जणांची. भेटी मोजल्या तर तो विक्रम ठरला असता; पूर्ण झालेली सत्रे मोजली तेव्हा फजिती उघड झाली. मदतीला आलेल्या बाहेरच्या तंत्रज्ञांना आढळले, की संकेतस्थळाची प्रकृती एका दृष्टिक्षेपात दाखवील असा फलकच तेथे नाही. त्यांनी प्रथम तो उभारला. नोव्हेंबरच्या आरंभी हे संकेतस्थळ जेमतेम ४३ टक्के वेळ चालू राहत होते. महिनाअखेर ते प्रमाण ९५ टक्क्यांच्या घरात गेले आणि चुकांचे प्रमाण सहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्या खाली आले. हे आकडे सरकारने स्वतःच प्रसिद्ध केले. त्यामुळे सरकारची अब्रू गेली नाही. गेलेली थोडीफार परत आली, असेच म्हणावे लागेल.

बोटांचा प्रश्न

वरोऱ्याच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये ज्या आनंदवनाची स्थापना केली ते या गावाच्या वेशीवरच आहे. कुष्ठरोगाने ज्यांची बोटे झिजली वा गेली, त्यांच्या बोटांचा ठसा यंत्र कसा घेणार? हाच प्रश्न जन्मभर कुदळ-विळा हाती धरून हाताच्या रेषा पुसल्या गेलेल्या म्हाताऱ्या शेतमजुरालाही पडतो. आधारच्या व्यवस्थेत अशा माणसांसाठी डोळ्यांच्या बुबुळाचा किंवा अन्य पर्याय ठेवलेला आहे, आणि ठसा जुळत नाही एवढ्या कारणाने कोणाचे धान्य अडवू नये अशा सूचनाही २०१७ मध्ये दिल्या गेल्या आहेत. परंतु दुकानातल्या यंत्राने तीनदा 'जुळत नाही' असे म्हटले, की त्या दिवशी सर्व्हर शंभर टक्के चालू असतो आणि तो माणूस रिकामी पिशवी घेऊन परत जातो. ही तुटलेली सत्रे स्वतंत्रपणे मोजली गेली तर कोणत्या दुकानात, कोणत्या गावात पर्यायी व्यवस्था पोहोचलेली नाही हे आपोआप दिसेल. न मोजल्यास अशा माणसांचे अस्तित्वच यंत्रणेच्या दृष्टीने उरत नाही.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये संमत झाला आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. हा कायदा निःसंशय स्वागतार्ह होता. परंतु त्यातील मुदतीचे घड्याळ अर्ज स्वीकारला गेल्यापासून सुरू होते. अर्ज देण्यासाठी आलेल्या माणसाचे सत्र अर्ध्यावर तुटले, तर त्याच्या हाती पोच येत नाही. पोच नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून विलंब नाही, आणि विलंब नाही म्हणून अपीलही नाही. कागदाच्या काळात 'अर्ज घेणार नाही' असे म्हणण्यासाठी कोणा कारकुनाला निदान तोंड उघडावे लागे. आता तेही लागत नाही. हक्काच्या उंबरठ्यावरच माणूस अडतो आणि अडल्याचा पुरावा त्याच्यापाशी राहत नाही.

पुरावा मुळीच नसतो असे मात्र नाही. प्रत्येक तुटलेल्या सत्राची नोंद सर्व्हरच्या रोजनिशीत होते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या संगणक-सुरक्षा यंत्रणेने सरकारी संस्थांसह सर्वांना अशा रोजनिश्या १८० दिवस जतन करून ठेवण्याचा आदेश दिला आहे. तो सुरक्षिततेसाठी आहे हे खरे. पण जी वही चोर पकडण्यासाठी ठेवली जाते तीत अडलेल्या नागरिकाची हकीकतही लिहिलेली असते. ती वही उघडून एकूण आकडे काढावयाचे काय, एवढाच प्रश्न आहे.

विजेला जे लागू, ते याला का नाही?

चंद्रपूर जिल्हा राज्याला वीज पुरवणारा जिल्हा आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्या विजेच्या बाबतीत २००३ च्या विद्युत अधिनियमाने सेवेची मानके ठरवण्याची, ती मोडल्यास ग्राहकाला भरपाई देण्याची आणि प्रत्यक्ष कामगिरीचे आकडे वर्षातून निदान एकदा प्रसिद्ध करण्याची व्यवस्था केली आहे. दूरसंचार नियामकाने २०२४ च्या नियमांत आणखी पुढचे पाऊल टाकले. एखाद्या जिल्ह्यात चोवीस तासांहून अधिक काळ सेवा खंडित झाली तर ग्राहकाच्या देयकात सूट द्यावयाची किंवा त्याची वैधता वाढवून द्यावयाची. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये वारंवार सेवा बंद पडल्याच्या कारणावरून एचडीएफसी बँकेला नव्या डिजिटल सेवा सुरू करण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. ती पूर्णपणे उठावयास मार्च २०२२ उजाडला. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याच्या व्यवस्थेतही कोणत्या बँकेचे किती व्यवहार तांत्रिक कारणाने फसले, हे दरमहा प्रसिद्ध होते. वीज कंपनी, दूरध्वनी कंपनी आणि बँक यांच्याकडून जो हिशेब सरकार व नियामक मागतात, तोच नागरिकाने सरकारकडून मागितला तर त्यात अवाजवी काय आहे?

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की दोष पुष्कळदा सर्व्हरचा नसून गावातील जाळ्याचा असतो. हे खरे आहे, आणि म्हणूनच मोजमाप सर्व्हरच्या शेजारी बसून करून भागणार नाही. मुंबईतून हाक मारली तर मुंबईचा सर्व्हर उत्तर देणारच. वरोरा, चिमूर, भामरागड येथील सेवा केंद्रांतूनच दर काही मिनिटांनी एक नमुना-अर्ज आपोआप पाठवून पाहावयास हवा. असे करण्याचे तंत्र जुने आहे आणि ते महागही नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. सर्व्हर केव्हा अशक्त असतो हे जाहीर केल्यास हल्लेखोरांना ते सोयीचे होईल, असे सांगण्यात येईल. परंतु सर्व्हर बंद आहे हे शेकडो लोक रांगेत उभे राहून पाहत असतात. ते गुपित नाहीच. मासिक आकडे देण्याने यंत्रणेचे अंतरंग उघडे पडत नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याचा विचार व्हावयास हवा. सत्रांवर नजर ठेवावयाची म्हणजे माणसांवर नजर ठेवणे तर होणार नाही ना? कोणी किती वाजता कोणते पान उघडले, कोठे थबकला, काय लिहून खोडले, हे सारे सत्राच्या नोंदीत मावते. यंत्रणेची नाडी पाहण्याच्या निमित्ताने नागरिकाच्या खाजगी जीवनात डोकावण्याची वाट खुली होणे परवडणारे नाही. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचा रोखही हाच आहे. यावरचा उपाय कठीण नाही. किती आले, किती अडले आणि कोठे अडले, एवढी संख्याच मोजावी. कोण अडला हे मोजण्याचे कारण नाही. खाणीत नावे लागतात, कारण तेथे प्राण वाचवावयाचे असतात. येथे वेळ वाचवावयाचा आहे. तेथे आकड्यांवर भागते.

तेव्हा करावयाचे काय? प्रत्येक ऑनलाइन सेवेचा तालुकानिहाय मासिक हिशेब, सुरू झालेली सत्रे, पूर्ण झालेली सत्रे आणि कचेरीच्या वेळात सेवा बंद राहिल्याचे तास एवढ्या तीन आकड्यांत, तहसील कचेरीच्या फलकावर लावला जावा. ब्रिटनमध्ये सरकारी सेवांनी किती टक्के लोकांचे काम पुरे झाले हा आकडा प्रसिद्ध करावा असा दंडक आहे. तो येथे अशक्य असण्याचे कारण नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानेही माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकलेलेच आहे. दुसरे, सत्र तुटले तर त्याची क्रमांकित पोच अर्जदाराच्या हाती आपोआप यावी आणि लोकसेवा हक्काचे घड्याळ त्या पोचेपासून सुरू व्हावे. तिसरे, अर्ध्यावर राहिलेला अर्ज काही दिवस तरी जतन केला जावा, म्हणजे दुसऱ्या खेपेस पहिल्या ओळीपासून आरंभ करावा लागणार नाही. चौथे, मुदतीच्या अखेरच्या आठवड्यात सेवा जितके तास बंद राहील तितकी मुदत कोणाच्या मेहेरबानीवाचून वाढावी. आज मुदतवाढ ही मंत्र्यांची घोषणा असते आणि ती होईल की नाही, या धास्तीनेच लोक अखेरच्या रात्री सेवा केंद्राच्या पायरीवर बसून राहतात. नियमाने मिळणारी वाढ ही धास्ती तर घालवीलच, पण शेवटच्या दिवसाची गर्दीही काही अंशी ओसरेल.

यांतील एकाही सूचनेसाठी नवे शास्त्र शोधावयाचे नाही. यंत्रे आहेत, रोजनिश्या आहेत, मोजण्याची साधने तर विनामूल्यही उपलब्ध आहेत. उणीव आहे ती, ज्याच्यासाठी यंत्र उभारले त्याच्या बाजूने मोजण्याच्या इच्छेची. संगणकामुळे कारभार पारदर्शक होईल असे आश्वासन नागरिकाला गेली कित्येक वर्षे देण्यात आले आहे, आणि १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळू लागलेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यासारख्या सोयींनी ते काही प्रमाणात खरेही करून दाखवले आहे. ज्या दिवशी ही सोय चालते त्या दिवशी तिचे श्रेय सरकार घेते आणि ते घ्यावेच. ज्या दिवशी ती चालत नाही त्या दिवसाचा हिशेबही त्याच फलकावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत लावला गेला, तर 'सर्व्हर डाउन आहे' हे उत्तर ऐकून परतणाऱ्या माणसाला निदान एवढे तरी कळेल, की आपली खेप कोणीतरी मोजली आहे.